मामाच्या छातीतला मिस्ड कॉल

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी सहाला मामीचा फोन, "येऊन जा रे बाबा, रातभर भिंतीला टेकून बसलेत, पडलं की दम कोंडायलाय म्हणतेत." गाव औशाच्या पुढं, लातूरहून पाऊण तासाचा रस्ता. गेलो तर मामा बाजेवर बसलेले, पाठीशी दोन उशा आणि त्यावर घडी घातलेली गोधडी, दोन शब्द बोलले की थांबत होते. पायाला बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तो भरायचं नावच घेईना. गाडीत घातलं, लातूरला आणलं, पाच दिवस ऍडमिट, लघवीची इंजेक्शनं, आणि पाच दिवसांत सहा किलो वजन उतरलं. सहा किलो म्हणजे सगळं पाणीच हो, पाण्याचा सहा लिटरचा कॅन काखेत धरून माणूस रानात फिरत होता आणि घरात कुणाला पत्ता नाही. म्हणजे माणसांना पत्ता नव्हता. मशीनला होता.

मामांच्या छातीत डाव्या खांद्याखाली अडीच वर्षांपासून एक डिव्हाइस आहे. हार्ट फेल्युअरवालं, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडून अंगात पाणी साठतं त्या आजारासाठीचं, तीन वायरीचं, हृदयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावाव्यात म्हणून ठोके देणारं आणि ठोका भलताच बिघडला तर शॉक देणारं. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात बसवलं, त्यासाठी दीड एकर रान गहाण पडलं. सोबत एक पांढरा डबा मिळाला होता, लँडलाइन फोनच्या आकाराचा, तो उशाजवळ प्लगात लावून ठेवायचा, रात्री माणूस झोपला की छातीतलं डिव्हाइस त्या डब्याशी बोलतं आणि डबा मोबाईलच्या नेटवर्कवरून माहिती पुढं पाठवतो. पहिले दोन महिने तो डबा खोक्यासकट कपाटावर होता, कारण मामीच्या मते एवढी महागाची वस्तू पोरांच्या हाताला लागायला नको. मी जाऊन तो लावून दिला. कसं चालतं ते समजावून सांगायला लागलो तर मामांनी मलाच थांबवलं, "म्हंजे आपल्या विहिरीवरच्या स्टार्टरातल्या सिमकार्डासारखंच की." अगदी तसंच. आपल्याकडं मोटरला मोबाईल स्टार्टर बसवून आता किती वर्षं झाली, घरून फोन लावला की मोटर चालू, लाइट गेली की स्टार्टरच उलटा कॉल करतो. माझ्या मामांना रिमोट मॉनिटरिंग समजायला दहा सेकंद लागले. ग्रामीण पेशंटला टेक्नॉलॉजी कळत नाही असं जे भाषणांतून सांगतात ना, त्यांनी एकदा आमच्या विहिरीवर यावं.

तर ऍडमिट असताना लातूरच्या डॉक्टरांनी कंपनीच्या माणसाला बोलावलं, तो लॅपटॉपसारखा प्रोग्रॅमर घेऊन आला, छातीवर वायरचं तोंड ठेवलं आणि कागद बाहेर आला. त्यावर एक रेघ. महिनोन्‌महिने सपाट चाललेली रेघ, आणि मग एका जागेपासून खाली खाली. डॉक्टर म्हणाले, इथून पाणी भरायला लागलं बघा. तारीख बघितली तर ऍडमिट व्हायच्या बावीस दिवस आधीची, म्हणजे ऐन सोयाबीन काढणीचा आठवडा. मी मामांकडं बघितलं, मामांनी खिडकीकडं. मग हळूच कबूल केलं, लघवीची गोळी घेतली की दर अर्ध्या तासाला उठावं लागतं, रानात बायामाणसं कामाला, कुठं जायचं, म्हणून गोळी बंद केली होती. आठ-दहा दिवसांनी सुरू करायची म्हणून ठरवलं होतं, मग मळणी, मग आडत, मग दिवाळीचा चिवडा नि शेव, गोळी राहूनच गेली.

आता मुद्द्याचं. ती रेघ खाली आली तेव्हा डब्यानं त्याचं काम चोख केलं होतं. अलर्ट गेला होता. कंपनीच्या सर्व्हरवर गेला, तिथून पुण्याच्या दवाखान्याच्या खात्यावर गेला. मी पुण्याला फोन केला, तीन वेळा होल्डवर ठेवल्यावर कळलं की ती वेबसाइट जो टेक्निशियन बघायचा त्यानं उन्हाळ्यातच नोकरी सोडली, आणि अलर्टचे मेल त्याच्याच नावावर जात होते. म्हणजे बावीस दिवस माझ्या मामांची छाती कुणाच्यातरी बंद पडलेल्या मेलवर मिस्ड कॉल देत होती. आणि यातलं सगळ्यात वाईट मला नंतर मामीनं सांगितलं. पायावर सूज दिसली तेव्हा तीच म्हणाली होती लातूरला दाखवून येऊ, तर मामा म्हणाले, "डबा हाय की उशाला. कायी असतं तर फोन आला असता."

म्हणून माझं म्हणणं हे, की ज्या मशीनच्या पलीकडं नाव-गाव असलेला, पगार घेणारा, फोन उचलणारा माणूस नाही ते मशीन बसवून देणं ही फसवणूक आहे. मशीन नसतं तर मामा आठ दिवस आधी दवाखान्यात गेले असते. आणि सरकारी योजनेतून असो की स्वतःचं रान गहाण टाकून असो, डिव्हाइसला जेव्हा पैसे मोजले जातात तेव्हाच ते रोज वाचणाऱ्या माणसाच्या पगाराचे पैसे त्यातच धरले पाहिजेत, आणि तो माणूस पुण्या-मुंबईत बसून चालणार नाही, तो इथं मराठवाड्यात पाहिजे. का ते पुढं सांगतो.

आधी हे यंत्र ओळखतं कसं ते थोडक्यात. पाण्यातून करंट सहज जातो, ओल्या भिंतीला हात लावला की झटका बसतो ते आपल्याला माहीतच आहे. डिव्हाइस छातीतल्या वायरीपासून स्वतःच्या डबीपर्यंत अगदी बारीक करंट सोडतं आणि किती अडथळा येतो ते मोजतं. फुप्फुसात पाणी साचायला लागलं की अडथळा कमी होतो, रेघ खाली. २००५ साली छापून आलेल्या एका छोट्या अभ्यासात, ३३ पेशंटचाच होता, ही रेघ ऍडमिट व्हायच्या सरासरी १८ दिवस आधी घसरायला लागल्याचं दिसलं, आणि पेशंटला स्वतःला त्रास जाणवायला लागला तो त्यानंतर साधारण १५ दिवसांनी. म्हणजे माणसाला कळतं तेव्हा हातात दोन-तीन दिवस असतात, मशीनला कळतं तेव्हा दोन आठवडे. औसा तालुक्यातल्या माणसाला दोन आठवडे म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. याशिवाय रात्रीचे ठोके, दिवसभरात किती हालचाल केली, वायर खराब झाली का, बॅटरी किती उरली, शॉक बसला का, हे सगळं जातं. आणि एक गैरसमज काढून टाका, पुण्यात बसून कुणी तुमच्या छातीतली सेटिंग बदलत बसत नाही. ते फक्त बघतात. म्हणजे बघायचं असतं.

अमेरिकेत २०१४ साली फुप्फुसाच्या धमनीत बसवायच्या एका बिनबॅटरीच्या सेन्सरलाही परवानगी मिळाली, तो आतला दाबच मोजतो, पेशंटनं रोज एका खास उशीवर पडून रीडिंग पाठवायचं. चांगली गोष्ट आहे, पण आपल्या बोलण्यात ती नको, आपल्याकडं आहे तेच कुणी बघत नाही.

आता कुणी म्हणेल एका मामांवरून एवढं कशाला. बरोबर आहे, म्हणून मी महिनाभर जे मिळेल ते वाचून काढलं, आणि वाचता वाचता डोकं भणाणलं, कारण एका अभ्यासात हे तंत्र जीव वाचवतं आणि दुसऱ्यात काहीच फरक पाडत नाही. २०१४ चा इन-टाइम नावाचा अभ्यास, ६६४ पेशंट, अर्ध्यांची माहिती रोज येत होती, अर्ध्यांची नाही. वर्षभरात पहिल्या गटात १० जण गेले आणि दुसऱ्यात २७. एवढा फरक औषधांतही क्वचित दिसतो. मग २०१७ चा इंग्लंडमधला रेम-एचएफ, ९ दवाखाने, १६५० पेशंट, आणि फरक शून्य. त्याच्या आधी २०१६ ला जर्मनीतला ऑप्टिलिंक, हजारावर पेशंट, पाण्याचा अलर्ट थेट डॉक्टरांना, तरी फरक नाही.

मशीन तर सगळीकडं त्याच जातीचं, मग असं का? बारकाईनं बघितलं तर गंमत कळते. इन-टाइममध्ये माहिती रोज येत होती आणि एका मध्यवर्ती ठिकाणी बसलेली माणसं ती रोज बघून दवाखान्यांच्या मागं लागत होती, पेशंटला फोन जात होते. रेम-एचएफमध्ये माहिती आठवड्यातून एकदा बघायची होती. आणि ऑप्टिलिंकमध्ये तर जे अलर्ट पोचले त्यातल्या साधारण ३० टक्क्यांवरच काही औषधाची कृती झाली. जर्मनीत, बरं का. उरलेले अलर्ट आले, कुणीतरी बघितले, पुढं काही झालं नाही. आता यावर तज्ज्ञ लोक भांडतील, पेशंट वेगळे होते, यंत्रं वेगळी होती, त्यांचं त्यांनी बघावं. मला जे दिसतं ते असं की जिथं अलर्टनंतर माणूस हलला तिथं फायदा झाला, जिथं नाही हलला तिथं नाही.

अजून एक अभ्यास आहे तो तर आमच्या गल्लीत घडावा असा आहे. २०११ चा डॉट-एचएफ. त्यात पाणी वाढलं की डिव्हाइस पेशंटच्या छातीतच पीप वाजवायचं. झालं काय, ज्यांच्या छातीत पीप वाजत होतं ते जास्त ऍडमिट झाले, कमी नाही. साहजिकच आहे, छातीतून आवाज आला तर कोण घरी बसेल? माझी मामी तर अख्खं गाव गोळा करेल. म्हणजे अलर्ट नुसता पेशंटच्या हवाली केला तर घबराट, नुसता कॉम्प्युटरच्या हवाली केला तर सन्नाटा. मधे माणूस लागतो.

तो माणूस काय करतो हेही सांगतो, कारण इथंच लोक चुकतात. त्याला फार हुशारीचं काही करायचं नसतं. मामांच्या बाबतीत त्या बावीस दिवसांत कुठल्याही दिवशी एका सिस्टरचा फोन आला असता, "काका, गोळ्या चालू हायत का?", आणि मामा आधी हो म्हणाले असते, मग तिनं पुन्हा विचारलं असतं, "लघवीची बी?", तर ते गप्प बसले असते, आणि त्या गप्प बसण्यातनं तिला सगळं कळलं असतं. मशीनला पाणी दिसलं. सोयाबीन दिसलं नाही. सोयाबीन दिसायला इथलंच माणूस लागतं, ज्याला ऑक्टोबरात लातूर जिल्ह्यात काय चालू असतं ते माहीत आहे, ज्याला हे माहीत आहे की दसरा-दिवाळीच्या आसपास बीडची, धाराशिवची कोयत्याची माणसं टोळीबरोबर कारखान्यावर जातात ती पार गुढीपाडव्यापर्यंत येत नाहीत, आणि त्यांच्या फडावरच्या कोपीत प्लग नसतो पण मोबाईल असतो. ठेचा-भाकरी, लोणचं, पापड, खारवलेलं काय काय आपल्या ताटात असतं आणि "मीठ कमी खा" म्हटलं की आपण वरून घ्यायचं मीठ तेवढं बंद करतो, हे पुण्यातल्या किंवा बंगळुरातल्या कॉल सेंटरला कसं कळणार. म्हणून म्हणालो की माणूस इथला पाहिजे.

बरं, हा श्रीमंतांचा आजार नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नॅशनल हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत देशातल्या ५३ दवाखान्यांतले १०,८५१ पेशंट नोंदवले, त्यातले १४ टक्के ९० दिवसांच्या आत गेले. सरासरी वय ६० च्या आत. युरोप-अमेरिकेत हा म्हाताऱ्यांचा आजार, सत्तरीच्या पुढचा, आपल्याकडं घरातला कर्ता माणूस. मामा ५८ वर्षांचे आहेत.

यावर ठरलेला आक्षेप येतो, आणि तो आमच्याच चळवळीतल्या मित्रांकडून येतो, की अरे इथं आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, एक्स-रेचं मशीन आहे तर चालवणारा नाही, आणि तू छातीतल्या रेडिओचं काय घेऊन बसलास, आधी ते द्या मग हे चोचले. मला यातलं अर्धं पटतं. ज्याच्या छातीत काही नाही त्याला लाखोंची यंत्रं घ्या असं मी म्हणतच नाहीये. पण ज्याच्या छातीत आधीच बसलंय, ज्याचे पैसे दिले गेलेत, ज्यात रेडिओ आहे, जो दररोज रात्री इमानदारीनं आकडे पाठवतो, ते आकडे कचऱ्यात टाकणं ही कुठली काटकसर? बोअर मारून, मोटर सोडून, पाइपलाइन टाकून मग व्हॉल्व्हच उघडायचा नाही, कारण गावात अजून नळ योजना झालेली नाही, असला हा युक्तिवाद आहे.

आणि ज्याच्या छातीत काही नाही, म्हणजे बहुतेक सगळे, त्याच्यासाठीही तीच माणसं उपयोगी पडतात. जर्मनीतलाच २०१८ चा टीम-एचएफ २ नावाचा अभ्यास बघा, १५७१ पेशंट, छातीत बसवायचं काही नाही, घरी वजनकाटा, बीपीचं मशीन, ईसीजी, ऑक्सिजनचं बोटाला लावायचं, आणि पलीकडं बर्लिनमध्ये चोवीस तास डॉक्टर आणि नर्स. मृत्यू कमी झाले, वर्षाला शंभरात ११ च्या जागी ८ च्या आसपास. त्याउलट अमेरिकेतला २०१० चा टेली-एचएफ, १६५३ पेशंट, रोज फोन करून रेकॉर्ड केलेल्या आवाजाला वजन सांगायचं. फायदा शून्य, १४ टक्के लोकांनी तर एकदाही फोन केला नाही. रेकॉर्ड केलेल्या आवाजाला, "एक दाबा दोन दाबा"ला कोण किती दिवस उत्तरं देणार, आपण महावितरणला देतो का?

तर डॉक्टरांचं म्हणणंही मी ऐकून घेतलं, ते ऐकण्यासारखं आहे. लातूरचे डॉक्टर म्हणाले, ओपीडीत रोजचे ऐंशी पेशंट, त्यात दहा वेबसाइटी, प्रत्येक कंपनीची वेगळी, प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा, निम्मे अलर्ट फुसके, आणि रात्री दोनला अलर्ट आला आणि मी झोपलो होतो तर उद्या नातेवाईक माझी कॉलर धरणार. आणि या कामाचे पैसे कोण देणार? प्रश्न खरा आहे. अमेरिकेत दूरून डिव्हाइस तपासल्याचं दर ९० दिवसांचं बिल लावता येतं, म्हणून तिथं ते होतं. आमच्या पुण्याच्या बिलात हातमोज्याच्या जोडीचे पैसे होते, वाचणाऱ्याचे नव्हते. फुकटच्या कामाचं जे होतं तेच झालं.

म्हणून हे एकेका डॉक्टरच्या चांगुलपणावर सोडायचंच नाही. १०८ का चालतं? २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ आहे, गाडी कधी उशिरा येते, लोक शिव्या देतात, पण फोन उचलला जातो, कारण फोन उचलणं हीच त्या माणसाची नोकरी आहे. तसंच हे. लातूरला आणि संभाजीनगरला घाटी दवाखान्यात केंद्राच्या योजनेतून सुपर स्पेशालिटीच्या इमारती झाल्यात, नांदेडला मेडिकल कॉलेज आहे, अंबाजोगाईला १९७४ पासून ग्रामीण भागासाठीच काढलेलं कॉलेज आहे. यातल्या दोन ठिकाणी एकेक टेबल टाका. चार सिस्टर, एक टेक्निशियन, एक डॉक्टर वर सही करायला, आणि औषध किती वाढवायचं कधी वाढवायचं हे आधीच लिहून दिलेला कागद. जगभरच्या हार्ट रिदमवाल्या, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या डॉक्टरांच्या, संघटनांनी २०२३ साली मिळून जे मार्गदर्शन काढलंय त्यात हजार पेशंटमागं तीन माणसं म्हटलंय. तीन! आपल्या तहसीलच्या एका खिडकीवर याहून जास्त असतात. सरकारी असो की खाजगी, मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांत ज्यांच्या छातीत असं डिव्हाइस आहे त्या सगळ्यांचे अलर्ट या टेबलावर आले पाहिजेत. फोनवर सल्ला द्यायला कायद्याची अडचण नाही, मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनची नियमावली आलीच आहे. घरी जाऊन पाय बघायचे असतील तर आशाताई आहेत, पण त्यांना त्याचे वेगळे पैसे द्या, नाहीतर सगळी पुण्यकर्मं त्यांच्याच डोक्यावर, मानधन मात्र आंदोलन केल्याशिवाय हलत नाही.

त्याच मार्गदर्शनात असंही आहे की कनेक्शन नीट चालू असेल आणि काही गडबड नसेल तर पेशंटला प्रत्यक्ष तपासणीला दोन वर्षांनी बोलावलं तरी चालतं. आम्ही दर सहा महिन्यांनी पुण्याला जातो, गाडी, डिझेल, एक मुक्काम, सोबतच्या माणसाची मजुरी बुडते, आणि तिथं दहा मिनिटांत "सब ठीक है". या वाचलेल्या चकरांच्या पैशातच सिस्टरचा पगार निघेल असं माझं तरी गणित आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची. पीक विम्यात २०२४ पर्यंत काय होतं बघा, आपलं नुकसान झालं की ७२ तासांच्या आत आपण कळवायचं, एक तास उशीर झाला तर अर्ज बाद, आणि कंपनीनं पैसे कधी द्यायचे ते मात्र देव जाणे. मंडळामंडळात हवामान केंद्रं बसवलीत, राज्यभर दोन हजारांवर आहेत, आकडा रोज जातो, कुणाकडं जातो आणि त्याचं काय होतं हे शेतकऱ्याला कधी कळत नाही. छातीतल्या डिव्हाइसचं मला नेमकं हेच होताना दिसतंय. माहिती आपण द्यायची, वेळेवर द्यायची, डबा काढायचा नाही, गावाला गेलो तर सोबत न्यायचा, आणि पलीकडच्यावर बंधन काहीच नाही. लेखी पाहिजे की लाल अलर्ट आला तर किती तासांत फोन येईल, आणि रात्री, रविवारी कुणी बघत नसेल तर तेही स्पष्ट सांगा, मराठीत, डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरात. "हा डबा म्हणजे इमर्जन्सी सेवा नाही, दम लागला तर फोनची वाट बघू नका." एवढी दोन वाक्यं कुणी सांगितली असती तर मामा आठ दिवस आधी आले असते.

आणि मालकीचं काय? मामांनी दवाखान्यातच विचारलं होतं, "ही रेघ माझ्या छातीची, मग माझ्याकडं कामून नाही?" बरोबर विचारलं. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला रानाचं कर्ज मिळत नाही, आणि इथं स्वतःच्या छातीचा सातबारा कंपनीच्या सर्व्हरवर आणि पुण्याच्या दवाखान्याच्या खात्यावर. अमेरिकेत ह्यूगो कॅम्पोस नावाचा एक पेशंट, त्याच्या छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे शॉक देणारं डिव्हाइस, तो माझा डेटा मला द्या म्हणून वर्षानुवर्षं भांडलाय. आपल्याकडं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा झालाय, त्यात स्वतःची माहिती मागायचा हक्क आहे, पण औशातला माणूस तो कुठल्या खिडकीवर मागणार? महिन्यातून एकदा एक पानाचा रिपोर्ट व्हॉट्सऍपवर पाठवा, हिरवा-पिवळा-लाल, बास. हॅकिंगची भीती घालणारेही भेटतील, २०१७ साली अमेरिकेत एका कंपनीच्या साडेचार लाखांवर पेसमेकरचं सॉफ्टवेअर त्यासाठी अपडेट करावं लागलं हे खरंय. पण आमच्या मामांना हॅकरची भीती नाही हो. हॅकर निदान बघतो तरी.

तर आम्ही काय केलं. पुण्याचं खातं लातूरच्या डॉक्टरांच्या नावावर करून घ्यायचं ठरवलं. पुण्याचे म्हणाले अर्ज मेल करा, मग म्हणाले पेशंटची संमती पाहिजे, ती दिली, मग म्हणाले कंपनीच्या फॉर्मवर पाहिजे. मामा अंगठ्याशेजारी सही करत म्हणाले, "फेरफारच म्हणा की." फेरफाराला पाच आठवडे लागले. तोपर्यंत लातूरहून एक डिजिटल काटा आणला, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच कपड्यांवर वजन, आणि नात ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहिते. दोन दिवसांत दोन किलो वाढलं की मला फोन करायचा असं ठरलंय. एका चौकोनात ६३.४ आणि त्याच्याच खाली "दूध २ लि." असंही आहे, पहिल्यांदा फोटो आला तेव्हा मी घाबरलोच होतो.

परवा लातूरच्या दवाखान्यातून पहिला फोन आला. दुपारची वेळ, मामा तुरीत होते, फोन घरी चार्जिंगला. मामीनं उचलला. सिस्टरनं विचारलं, काकांचं वजन किती भरलं आज. मामी म्हणाली, थांब बाई, चष्मा घेते.